१५५ मिमी तोफा: १९९९ च्या आराखड्यापासून २०२५ च्या करारापर्यंत वेळ नेमका कुठे गेला?

दगडी_बुरूज (धागाकर्ता)

संरक्षण खरेदीची चर्चा बहुतेक वेळा विमानांपाशी सुरू होते आणि तिथेच संपते. म्हणून इथे मुद्दाम तोफा घेतोय. नियोजनातल्या जवळपास सगळ्या अडचणी या एका उदाहरणात सापडतात.

मार्च १९८६ मध्ये ४१० बोफोर्स तोफांचा करार झाला. एप्रिल १९८७ मध्ये स्वीडिश रेडिओची बातमी आली आणि पुढचं राजकारण सगळ्यांना माहीत आहे. त्यानंतर परदेशी बनावटीच्या नव्या १५५ मिमी तोफेचा पुढचा करार नोव्हेंबर २०१६ मध्ये झाला, अमेरिकेच्या एम-७७७ चा, १४५ तोफा. मध्ये तीस वर्षं गेली, आणि त्याच काळात कारगिल झालं. तिथे तोफखान्याने अडीच लाखांच्या आसपास गोळे आणि रॉकेटं डागली.

१९९९ चा फार्प, म्हणजे तोफखान्याच्या सुसूत्रीकरणाचा आराखडा, असा होता: ओढून न्यायच्या १,५८०, ट्रकवर बसवलेल्या ८१४, रणगाड्यासारख्या साखळीपट्ट्यांवरच्या १००, चाकांवर स्वतः चालणाऱ्या १८० आणि डोंगरासाठी हलक्या १४५. एकूण २,८०० च्या वर. १३० मिमी, १०५ मिमी अशी खिचडी मोडून सगळीकडे १५५ आणायची, म्हणजे गोळा एकच आणि साठाही एकच, हा त्यामागचा विचार. तो आजही बरोबर वाटतो.

मार्च २०२५ पर्यंतचा हिशेब: हलक्या १४५ आल्या. साखळीपट्ट्यांवरच्या, मूळ कोरियन के-९ वज्र १०० आल्या आणि डिसेंबर २०२४ मध्ये आणखी १०० चा करार झाला. बोफोर्सवर बेतलेल्या देशी धनुष ११४ ची मागणी आहे. ओढून न्यायच्या देशी अटॅग्स ३०७ चा करार २६ मार्च २०२५ ला झाला. ट्रकवरच्या ८१४ पैकी तोवर एकाचाही करार नव्हता.

माझं मत आधीच सांगतो. वेळ भावाच्या वाटाघाटीत गेलेला नाही. तोफ, गोळा, फ्यूझ (गोळा फोडणारी कळ), चार्ज (गोळा ढकलणारी दारू) आणि ओढणारी गाडी या पाच गोष्टी पाच वेगवेगळ्या फायलींत, पाच वेगवेगळ्या वेगाने चालतात. त्यातली सगळ्यात मागची फाइल हाच तोफखान्याचा खरा वेग. जाणकारांनी आपापल्या भागातला तपशील द्यावा.

---

फाइल_नंबर_सात

आधी प्रक्रिया मांडतो, म्हणजे पुढची चर्चा सोपी जाईल. संरक्षण खरेदी प्रक्रिया २०२०, म्हणजे डॅप, १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झाली. तिच्या आधीच्या प्रक्रियेला डीपीपी म्हणत, त्यातली पहिली २००२ ची. नियोजनाचे तीन थर आहेत: दहा वर्षांची एकात्मिक क्षमता विकास योजना, त्यातून पाच वर्षांची भांडवली खरेदी योजना आणि त्यातून दोन वर्षांची सरकती वार्षिक योजना.

एका तोफेचा प्रवास असा: कंपन्यांकडून माहिती मागवणं (आरएफआय), गुणात्मक गरजा ठरवणं (एसक्यूआर), संरक्षण खरेदी परिषदेची 'गरज मान्य' ही मोहोर (एओएन), निविदा, तांत्रिक मूल्यमापन, मैदानी चाचण्या, चाचण्यांवरचा स्टाफ अहवाल, तांत्रिक देखरेख समिती, मग किमतीची पाकिटं उघडणं, वाटाघाटी, सक्षम अधिकाऱ्याची मंजुरी आणि शेवटी करार.

एओएनलाही मुदत असते. साध्या 'बाय' प्रकारात सहा महिन्यांत निविदा निघाली पाहिजे. नाही निघाली तर एओएन बाद होते आणि प्रस्ताव पुन्हा परिषदेसमोर न्यावा लागतो.

अटॅग्सचंच बघा. ऑगस्ट २०१८ मध्ये १५० तोफांना सुमारे ३,३६५ कोटींची मान्यता मिळाली होती. मार्च २०२३ मध्ये ३०७ तोफांसाठी नवी मान्यता सुमारे ८,५०० कोटींची. करार झाला सुमारे ६,९०० कोटींना, म्हणजे मान्यतेपेक्षा कमी किमतीत. धागाकर्त्यांचा मुद्दा इथे खरा ठरतो: भावावरून काही अडलं नव्हतं.

---

पाषाण_रोड

अटॅग्स पुण्यात पाषाणच्या एआरडीईमध्ये, म्हणजे डीआरडीओच्या तोफा-शस्त्रांच्या प्रयोगशाळेत, आकाराला आली, म्हणून तिच्या तांत्रिक बाजूवर लिहिते.

कॅलिबर म्हणजे नळीची लांबी भागिले नळीचा आतला व्यास. ३९ कॅलिबरची नळी सुमारे ६.०५ मीटर (बोफोर्स, एम-७७७), ४५ ची ६.९८ मीटर (धनुष), ५२ ची ८.०६ मीटर (अटॅग्स, के-९). नळी लांब असली की वायूचा दाब गोळ्याला जास्त वेळ ढकलतो आणि पल्ला वाढतो.

अटॅग्सचं वेगळेपण चेंबरमध्ये, म्हणजे चार्ज बसतो त्या पोकळीत, आहे. नाटो देशांच्या ठरावानुसार ५२ कॅलिबरला २३ लिटरचं चेंबर असतं. अटॅग्सला २५ लिटरचं दिलं. जास्त चार्ज बसतो, म्हणून २०१७ च्या चाचणीत ४८ किमीच्या आसपास पल्ला मिळाला. त्याची किंमत वजनात मोजावी लागली: जाड नळी, धक्का झेलणारं मजबूत रिकॉइल, सगळी विजेवर चालणारी यंत्रणा, सहा गोळ्यांचं स्वयंचलित मॅगझिन. तोफ १८ टनांच्या घरात गेली. लष्कराला ती यापेक्षा बरीच हलकी हवी होती. संकल्पना २०१२-१३ ची आणि करार २०२५ चा. मधल्या काळाचा मोठा भाग 'पल्ला हवा की वजन कमी हवं' या ओढाताणीत गेला.

हे कोणा एकाचं चुकलं असं मला वाटत नाही. गरजा लिहिताना पल्ला, वजन, गोळ्यांचा वेग आणि चढण चढण्याची ताकद हे चारही रकाने जगातल्या सर्वोत्तम तोफेवरून भरले जातात, आणि त्या चार रकान्यांतली सर्वोत्तम तोफ एकच नसते. नोव्हेंबर २०२३ मध्ये ओढून न्यायच्या आणखी एका तोफेला एओएन मिळाली, ती हलक्या तोफेच्या गरजेतूनच.

---

कोरडा_ओढा

चाचण्यांना इतका वेळ का लागतो? वर्षभरात उरकत का नाहीत?

---

फाइल_नंबर_सात

@कोरडा_ओढा, ऋतूंमुळे. तोफ वाळवंटी उन्हाळ्यात आणि बर्फाळ उंचीवरच्या हिवाळ्यात, दोन्हीकडे चालली पाहिजे. पोखरणचा उन्हाळा म्हणजे मे-जून. त्या सहा-सात आठवड्यांत एखादं सील फुटलं, हायड्रॉलिक पंप तापून बंद पडला किंवा ठरलेला गोळा वेळेत आला नाही, तर पुढची संधी पुढच्या मे महिन्यात. हिवाळ्याचंही तसंच. बिघाड आठ दिवसांत दुरुस्त होतो, वर्ष मात्र गेलेलं असतं.

शिवाय अपघात झाला की चौकशी संपेपर्यंत सगळं थांबतं. सप्टेंबर २०२० मध्ये पोखरणला अटॅग्सची नळी फुटली, माणसं जखमी झाली. कारण गोळ्यात आहे, चार्जमध्ये आहे की नळीत, हे कळल्याशिवाय पुढचा गोळा डागता येत नाही आणि डागूही नये.

यावर उपाय आहे आणि तो निविदेच्या मसुद्यातच करावा लागतो. प्रत्येक कंपनीकडून एकाऐवजी दोन तोफा मागवा, आणि चाचणीचा दारूगोळा ऋतूच्या आधी तीन महिने मैदानावर हवा, अशी अट घाला. खर्च थोडा वाढतो, पण वाया जाणाऱ्या वर्षापुढे तो किरकोळ आहे.

---

लेखापाल_तात्या

काळ्या यादीचा विषय कोणी काढला नाही अजून.

ओढून न्यायच्या तोफेच्या चाचण्यांत दक्षिण आफ्रिकेची डेनेल होती, तिच्यावर २००५ मध्ये बंदी आली. सिंगापूरच्या कंपनीवर २००९ मध्ये चौकशी लागली आणि मार्च २०१२ मध्ये सहा कंपन्या दहा वर्षांसाठी बाद झाल्या. त्यांत ती सिंगापूरची आणि इस्रायलची आयएमआयही होती. जगात १५५ मिमी तोफ बनवणाऱ्या कंपन्या मोजक्याच. दोन बाद झाल्या की निविदेत एकच उरते, आणि एकच उरली की निविदा रद्द करून पुन्हा काढायची, असा तेव्हाचा रिवाज होता.

याचा सगळ्यात मोठा फटका तोफेला बसला नाही, चार्जला बसला. बिहारमध्ये नालंद्याला बीएमसीएस, म्हणजे द्विप्रकारी चार्ज मोड्यूल, बनवायचा कारखाना उभा राहायचा होता. पायाभरणी १९९९ ची. तंत्रज्ञान डेनेलकडून यायचं होतं. डेनेल बाद झाली. मग आयएमआयकडे गेले, तीही बाद झाली. कारखान्याच्या भिंती उभ्या आणि आत प्रक्रिया नाही, अशी कित्येक वर्षं गेली. शेवटी मार्ग देशातल्या प्रयोगशाळांतून निघाला, त्यात पुण्याच्या एचईएमआरएल या स्फोटकांच्या प्रयोगशाळेचा वाटा मोठा.

लाचखोरीला शिक्षा हवीच, त्यात तडजोड नको. प्रश्न शिक्षेच्या रचनेचा आहे. नोव्हेंबर २०१६ च्या नव्या मार्गदर्शक सूचनांत थोडी पायरी-पायरीची पद्धत आली, दुसरा पर्याय नसेल तिथे सुटे भाग आणि देखभाल चालू ठेवता येईल अशी तरतूद आली. ती दहा वर्षं आधी यायला हवी होती.

---

गोदीकर

@लेखापाल_तात्या, नौदलातही तंतोतंत हेच झालं. माझगाव डॉकमध्ये सहा स्कॉर्पीन पाणबुड्या बांधल्या. करार ऑक्टोबर २००५ चा, पहिली कलवरी डिसेंबर २०१७ मध्ये नौदलात दाखल, शेवटची वागशीर जानेवारी २०२५ मध्ये. या पाणबुड्यांसाठी निवडलेला जड टॉर्पेडो इटालियन होता. ऑगस्टा वेस्टलँड हेलिकॉप्टर प्रकरणात त्याची मूळ कंपनी अडकली आणि ९८ टॉर्पेडोंची खरेदी बारगळली. पाणबुडी नवी, टॉर्पेडो जुने. डीआरडीओचा विजेवर चालणारा जड टॉर्पेडो या पाणबुड्यांवर बसवण्याचा ८७७ कोटींचा करार झाला तो ३० डिसेंबर २०२४ ला, म्हणजे कलवरी दाखल झाल्यावर सात वर्षांनी.

मंच, म्हणजे पाणबुडी किंवा विमान, आणि त्यावरचं शस्त्र एकाच करारात घ्यावं की वेगळं? एकत्र घेतलं तर कंपनी शस्त्राचा मनाला येईल तो भाव लावते. वेगळं घेतलं तर असं होतं.

---

भद्रावती_रोड

आता दारूगोळ्याकडे येतो. या धाग्याचा गाभा इथे आहे असं मला वाटतं.

१५५ चा एक 'राउंड' म्हणजे चार वस्तू: सुमारे ४३ ते ४५ किलोचा गोळा, त्याच्या नाकावर फ्यूझ, मागे चार्जची मोड्यूलं (ठरावीक मापाचे डबे) आणि ब्रीचमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या बंद टोकात, चार्ज पेटवणारा प्रायमर. चारांपैकी एक नसेल तर उरलेल्या तीन म्हणजे गोदामातलं वजन.

नवे गोळे जुन्या कारखान्यांच्या साखळीतून येतात. रिकामं कवच घडवण्याचं काम नागपूरजवळ अंबाझरीला होतं, स्फोटक भरण्याचं चांद्यात, म्हणजे आमच्या भद्रावतीला, आणि ओडिशातल्या बदमालला. प्रोपेलंट, म्हणजे चार्जची दारू, भंडाऱ्यात. १ ऑक्टोबर २०२१ ला ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड मोडून सात कंपन्या झाल्या. अंबाझरी यंत्र इंडियाकडे गेली, चांदा आणि भंडारा म्युनिशन्स इंडियाकडे, तिचं मुख्यालय खडकीला. म्हणजे पूर्वी एका बोर्डाच्या आत जो माल कागदी चिठ्ठीवर सरकत होता, तो आता दोन कंपन्यांमधल्या खरेदी-आदेशावर सरकतो. जबाबदारी स्पष्ट होते, हे चांगलं. पण कवचाचा आदेश उशिरा निघाला तर भरणी बंद राहते, तेव्हा दोन्हीकडची वेळापत्रकं कोणीतरी एका टेबलावर जुळवायला हवीत.

कॅगचे आकडे आठवा. लष्कराचा युद्धसाठ्याचा निकष ४० दिवसांच्या तीव्र लढाईचा. मार्च २०१३ ला १७० पैकी फक्त १७ प्रकार त्या निकषात बसत होते आणि ८५ प्रकार दहा दिवसांच्याही खाली होते. सप्टेंबर २०१६ ला १५२ पैकी ६१ प्रकार दहा दिवसांच्या खाली. आणि मोठ्या व्यासाच्या दारूगोळ्यात अडचण गोळ्याची कमी, फ्यूझची जास्त होती.

आता वहनाचा हिशेब. रेजिमेंटमध्ये १८ तोफा. उदाहरणापुरतं धरू की प्रत्येक तोफ दिवसाला १०० गोळे डागते. दिवसाचे १,८०० गोळे. चार्ज आणि पॅकिंग धरून नगाला ६० किलो म्हटलं तरी १०८ टन, म्हणजे पाच टनी ट्रकच्या २२ खेपा, एका रेजिमेंटसाठी, एका दिवसाला. चाळीस दिवसांचे ७२,००० गोळे. तोफांची संख्या ठरवताना हा तक्ता त्याच पानावर असला पाहिजे.

---

अनघा_ना

@भद्रावती_रोड, फ्यूझच इतका का अडतो? दिसायला गोळ्यापेक्षा छोटी वस्तू.

---

पाषाण_रोड

@अनघा_ना, छोटी आहे म्हणूनच. तोफ सुटताना त्या फ्यूझवर गुरुत्वाकर्षणाच्या दहा-पंधरा हजार पट झटका बसतो आणि गोळा मिनिटाला हजारो फेरे घेत निघतो. त्यात इलेक्ट्रॉनिक सर्किट शाबूत राहायला हवं. नळीत असताना फ्यूझ अजिबात 'जागा' होता कामा नये आणि नळीच्या बाहेर ठरावीक अंतरावर झालाच पाहिजे. त्यासाठी झटका आणि फिरकी या दोन्ही खुणा एकत्र मिळाल्या तरच सुरक्षा-कुलूप उघडतं. बॅटरी वेगळ्याच प्रकारची: त्यातला द्रव काचेच्या कुपीत बंद असतो, झटक्याने कुपी फुटते आणि मगच वीज सुरू होते. म्हणून ती वर्षानुवर्षं साठवता येते.

तपासणी करायची तर फोडूनच करावी लागते. प्रत्येक लॉटमधले काही नग डागून बघतात. ठरलेल्यापेक्षा जास्त फसले की पूर्ण लॉट नापास. अशा वस्तूची दरवर्षी थोडी-थोडी मागणी काढली तर कोणीही नवी असेंब्ली लाइन टाकत नाही. पुण्याच्या बीईएलशी (सरकारी भारत इलेक्ट्रॉनिक्स) १५ डिसेंबर २०२३ ला इलेक्ट्रॉनिक फ्यूझचा करार झाला: सुमारे ५,३३६ कोटी, मुदत दहा वर्षं. मला यातली रक्कम महत्त्वाची वाटत नाही, दहा वर्षं महत्त्वाची वाटतात. एवढी मुदत हातात असली की पुरवठादार सेन्सर, बॅटरी, साचे सगळ्यांत गुंतवणूक करतो.

---

कोरडा_ओढा

तोफ परदेशी आणि गोळा आपला, हे जुळतं का मग?

---

दगडी_बुरूज

@कोरडा_ओढा, आपोआप जुळत नाही. २ सप्टेंबर २०१७ ला पोखरणला एम-७७७ ची नळी भारतीय गोळा डागताना निकामी झाली. त्या चाचण्या मुळात त्यासाठीच होत्या: आपला प्रत्येक गोळा आणि प्रत्येक चार्ज घेऊन त्या तोफेचे 'फायरिंग टेबल' बनवायचे. कोणत्या कोनाला, कोणत्या चार्जला, कोणत्या तापमानाला गोळा किती लांब जाईल याचे ते तक्ते. ते नसतील तर तोफेच्या संगणकाला आपला गोळा ओळखताच येत नाही.

त्याच वर्षी धनुषच्या चाचण्यांत गोळा मझल ब्रेकला, म्हणजे नळीच्या तोंडावरच्या भागाला, लागला होता. आणि जर्मन म्हणून पुरवलेले बेअरिंग प्रत्यक्षात चिनी होते या आरोपावरून सीबीआयने गुन्हा नोंदवला. बेअरिंगची किंमत तोफेच्या किमतीत शोधूनही दिसणार नाही. पण तोफ वळवायचा भार त्याच्यावर असतो, तिथे ढिलाई आली की नेम गेला. त्यानंतर फेब्रुवारी २०१९ मध्ये घाऊक उत्पादनाला परवानगी आणि एप्रिलमध्ये पहिल्या सहा धनुष सुपूर्द.

---

लेखापाल_तात्या

पैशाचं थोडं. २०२५-२६ चा संरक्षण अर्थसंकल्प ६,८१,२१० कोटी, त्यात निवृत्तिवेतन १,६०,७९५ कोटी आणि भांडवली खर्च १,८०,००० कोटी. त्यातला आधुनिकीकरणाचा वाटा सुमारे १,४८,७२३ कोटी, आणि त्यातलेही १,११,५४५ कोटी देशी खरेदीसाठी राखीव.

रक्कम मोठी दिसते, पण त्यातून आधी जुन्या करारांचे हप्ते जातात. कोणताही मोठा करार आगाऊ रक्कम आणि टप्प्याटप्प्याच्या देयकांवर चालतो. पाच वर्षांपूर्वी सही केलेल्या विमानाचा हप्ता आज येतो. नव्या तोफेला उरतो तो शिल्लक भाग. उलट चाचणी लांबली आणि मार्चपर्यंत करार झाला नाही, तर त्या वर्षाची रक्कम परत जाते. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२६ साठी २,३८,३५४ कोटींचा, वर्षाखेरीस न बुडणारा निधी सुचवला होता तो यासाठीच. ती शिफारस मला आजही सगळ्यात व्यवहार्य वाटते.

---

गोदीकर

के-९ च्या पहिल्या शंभर सुमारे ४,५०० कोटींना, दुसऱ्या शंभर ७,६२८.७० कोटींना. म्हणजे नगाला ४५ वरून ७६ कोटी. हे महाग नाही का पडलं?

---

लेखापाल_तात्या

@गोदीकर, असा भागाकार करून काही हाती लागत नाही. २०१७ आणि २०२४ मध्ये सात वर्षांची महागाई, कोरियन चलन वोनचा दर आणि करारात काय-काय आहे हा फरक आहे. अटॅग्सचे ६,९०० कोटी भागिले ३०७ केले तर साडेबावीस कोटी येतात, पण त्यात ३२७ ओढगाड्याही आहेत.

एक खर्च मात्र नक्की वाढतो. पहिल्या शंभर तोफा फेब्रुवारी २०२१ पर्यंत दिल्या गेल्या आणि पुढचा करार डिसेंबर २०२४ चा. मधली जवळपास चार वर्षं गुजरातमधल्या हाजिऱ्याच्या, के-९ बनवणाऱ्या लाइनला या तोफेची नवी मागणी नव्हती. वेल्डर दुसरीकडे जातात, छोटे पुरवठादार साचे मोडतात. लाइन पुन्हा सुरू करायचा खर्च शेवटी नगाच्या भावातच येतो. मूळ करारात वाढीव मागणीचा पर्याय ठेवून तो वेळेत वापरला, तर हे टळतं.

---

कापूस_बोंड

एक बाजू राहिली, कच्चा माल. चार्जमधलं नायट्रोसेल्युलोज कापसाच्या सरकीवरच्या तुसापासून, लिंटरपासून, बनतं. युक्रेन युद्धानंतर जगभर त्याची ओढाताण सुरू झाली. युरोपीय संघाने मार्च २०२४ पर्यंत दहा लाख गोळे द्यायचं ठरवलं होतं, निम्म्याच्या आसपास जमले. लेथ आणि फोर्ज महिन्यांत वाढवता येतात. नायट्रेशनचा, म्हणजे लिंटरपासून नायट्रोसेल्युलोज बनवण्याचा, कारखाना वाढवायला सुरक्षा-अंतर, जमीन, परवाने आणि वर्षं लागतात. आपल्याकडे लिंटर आहे. दोन-तीन ठिकाणी नायट्रेशनची क्षमता शांततेतच बांधून ठेवली पाहिजे, अर्धी रिकामी राहिली तरी.

---

अनघा_ना

तोफा ३०७ आणि ओढगाड्या ३२७, हा वीसचा फरक कशासाठी?

---

दगडी_बुरूज

@अनघा_ना, अधिकृत विभागणी माझ्यासमोर नाही, पण तर्क सोपा आहे. १८ टनांची तोफ ओढणारी ६x६ गाडी तोफेच्या आधी झिजते: क्लच, टायर, एक्सल. तोफ उभी असते तेव्हाही गाडी गोळे आणायला फिरतच असते. बोफोर्सबरोबर स्कॅनियाचे ट्रक आले होते, त्यांच्या सुट्या भागांची टंचाई पुढे तोफेच्याच हालचालीला नडली. या वेळी गाडी त्याच करारात आहे, दोन्ही देशी, आणि करार दोघांत वाटलेला: कमी भावाची भारत फोर्ज ६० टक्के, म्हणजे १८४ तोफा, आणि टाटा १२३. दुसऱ्याने पहिल्याचाच भाव मान्य करायचा, ही अट. त्यामुळे एका कारखान्यात काही अडलं तरी दुसरी लाइन चालू राहते.

तरी माझ्या यादीतल्या पाच फायलींपैकी या करारात एकत्र आल्या त्या दोन: तोफ आणि गाडी. फ्यूझ बीईएलकडे वेगळा, गोळा आणि चार्ज म्युनिशन्स इंडियाकडे वेगळे. अटॅग्स ज्या झोन ७ च्या, म्हणजे सगळ्यात जोरदार, चार्जवर पूर्ण पल्ला गाठते, तो चार्ज पहिली रेजिमेंट उभी राहायच्या दिवशी तिच्या डेपोत किती हजार नग असेल, याची तारीख तोफेच्या वेळापत्रकाशेजारी लिहिलेली हवी. @भद्रावती_रोड, भरणीच्या वेगाचा हिशेब मांडता येईल का? ३०७ तोफा गुणिले चाळीस दिवस धरून बघू.

---

भद्रावती_रोड

मघाच्याच पद्धतीने, उदाहरणापुरते तोफेला दिवसाचे १०० गोळे धरले तर: ३०७ × १०० × ४० = १२,२८,००० गोळे. पाच वर्षांत साठा करायचा तर वर्षाला सुमारे २,४५,६००. वर्षाचे ३०० कामाचे दिवस धरले तर दिवसाला ८१९ गोळे, आणि तितकेच फ्यूझ. चार्ज मात्र मोड्यूलमध्ये मोजावा लागतो. लांब पल्ल्याला एका गोळ्यामागे सहा मोड्यूलं धरली तर दिवसाला ४,९१४ मोड्यूलं. यात सरावाचे गोळे, नापास लॉट आणि मुदत संपून बाद होणारा साठा धरलेला नाही. के-९, धनुष, एम-७७७ आणि बोफोर्सही त्याच साखळीतून खाणार आहेत. चार्जचा आकडा गोळ्याच्या सहापट आहे, म्हणून आधी तिथली लाइन मोजा.